पिक्सेल एलईडी पट्टीवरील चॅनलचा घोळ मोजून कसा सोडवावा

गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री आमच्या सोसायटीच्या मंडपाची कमान पहिल्यांदा पेटली. कमानीवर बारा व्होल्टची, डब्ल्यूएस२८१५ चिपची, मीटरला ६० पिक्सेल (स्वतंत्रपणे रंग देता येणारे घटक) असलेली पट्टी दहा मीटर लावलेली होती, म्हणजे एकूण ६०० पिक्सेल. लॅपटॉपवरील एक्सलाइट्स या रोषणाई चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सगळी कमान लाल करायला सांगितले होते. प्रत्यक्षात डाव्या पायथ्यापासून काही अंतर लाल दिसले, त्यापुढे हिरवा रंग आला, मग निळा आणि उजव्या पायथ्याजवळ पुन्हा लाल. शेवटचे दोन पिक्सेल पूर्ण विझलेले होते. कोणी म्हणाले पट्टी खराब आहे, कोणी म्हणाले सप्लाय कमी पडतो, आणि सजावट करणारा मुलगा ते शेवटचे दोन पिक्सेल कापायला कात्री घेऊन पुढे झाला.

मी त्याच्याकडे मोजपट्टी मागितली. लाल संपून हिरवा सुरू होत होता ती जागा पायथ्यापासून २ मीटर ८३ सेंटिमीटरवर होती, म्हणजे १७० वा पिक्सेल. पट्टीचा सोल्डर केलेला जोड मात्र पाच मीटरवर होता. रंग जोडाच्या जागी न बदलता १७० वर बदलत असेल, तर बिघाड तारेत नसून कोणीतरी भरलेल्या आकड्यात आहे, हे तेवढ्या मोजणीवरून नक्की झाले. पट्टी चुकते तेव्हाही ती हिशोबानेच चुकते आणि तो हिशोब उलटा लावला की चूक कुठे आहे ते कळते. ते कसे करावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आपल्या पट्टीवर पिक्सेल किती आहेत

पट्टीवर दिसणारा प्रत्येक दिवा म्हणजे एक पिक्सेल, असे गृहीत धरू नये. पाच व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१२बी पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटातच चिप असते, त्यामुळे दिवे तितकेच पिक्सेल हा हिशोब बरोबर ठरतो. बारा व्होल्टच्या डब्ल्यूएस२८११ पट्टीत मात्र सहसा तीन दिव्यांना मिळून एक चिप असते आणि ते तिन्ही दिवे एकाच रंगात पेटतात. मीटरला ६० दिव्यांच्या अशा पाच मीटर पट्टीत दिवे ३०० असले तरी पिक्सेल १०० च भरतात. सॉफ्टवेअरमध्ये ३०० हा आकडा भरला, तर चित्राचा पहिला तृतीयांश भागच पट्टीवर दिसतो आणि उरलेला पट्टी संपल्यावर वाया जातो. कापण्याची खूण किती दिव्यांनंतर छापलेली आहे ते पाहावे. दर तीन दिव्यांनी असेल तर तीन दिव्यांचा एक पिक्सेल समजावा, आणि शंका उरली तर फक्त पहिला पिक्सेल पेटवून किती दिवे लागतात ते पाहावे.

या चिपांमध्ये स्वतःचा असा पत्ता साठवलेला नसतो, हे पक्के लक्षात ठेवावे. कंट्रोलरकडून, म्हणजे पट्टीला रंगांचे आकडे पाठवणाऱ्या छोट्या सर्किटकडून, आकड्यांची एक लांबलचक माळ निघते. पहिला पिक्सेल त्यातले स्वतःपुरते पहिले २४ बिट काढून घेतो आणि बाकीची माळ पुढे सरकवतो, दुसरा पिक्सेलही तेच करतो, आणि असे शेवटपर्यंत चालते. रांगेतली जागा हाच पिक्सेलचा पत्ता असल्यामुळे मधला एक पिक्सेल कापून काढला की त्यापुढच्या सगळ्यांचे पत्ते एकेकाने कमी होतात. यूसीएस५१२ यांसारख्या डीएमएक्स (रोषणाईला आकडे पाठवण्याची एक प्रमाणित पद्धत) चिपांचा प्रकार वेगळा आहे, कारण त्यांत पत्ता वेगळ्या तारेवरून लिहून ठेवावा लागतो. त्या पट्ट्यांना पुढचा हिशोब जसाच्या तसा लागू पडत नाही.

पहिली पायरी: लॅपटॉप बाजूला ठेवावा

सर्वप्रथम नेटवर्क तोडावे आणि कंट्रोलरच्या स्वतःच्या पानावरूनच पट्टी पेटवावी. डब्ल्यूएलईडी हे पट्टी चालवणारे सॉफ्टवेअर बसवलेला ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) असेल, तर मोबाइलवर त्याचे पान उघडून सगळी पट्टी एका रंगात, पाव प्रकाशावर लावता येते. इथे सगळे पिक्सेल मागितलेल्याच रंगात सारखे पेटले, तर पट्टी, तारा, सप्लाय, चिपचा प्रकार आणि रंगक्रम (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे पाठवण्याचा क्रम) या पाचही गोष्टी एकदम संशयातून सुटतात आणि दोष लॅपटॉप व कंट्रोलर यांच्यामधल्या पत्त्यांत उरतो. इथेच गडबड दिसली, तर एक्सलाइट्सला हात लावण्यात अर्थ नाही. आमच्या कमानीवर या चाचणीत सगळे ६०० पिक्सेल लाल झाले, शेवटचे दोनसुद्धा. कात्री तिथेच खाली ठेवली गेली.

दुसरी पायरी: रंगक्रम की चॅनल सरकलेले

सगळी पट्टी एकसारखी, पण चुकीच्या रंगात पेटत असेल, तर बहुतेक जण लगेच रंगक्रम बदलू लागतात. पुष्कळदा तेच बरोबर असते. डब्ल्यूएस२८१२बी चिप आधी हिरवा, मग लाल, मग निळा असा क्रम मागते, त्यामुळे कंट्रोलरवर आरजीबी (लाल, हिरवा, निळा) ठेवले असेल तर लाल मागितल्यावर हिरवा येतो आणि निळा मात्र बरोबर दिसतो. तीनही रंग एकेक करून लावावेत, कोणता मागितला आणि कोणता आला हे लिहावे, आणि त्यानुसार क्रम बदलावा.

पण हुबेहूब असाच दिसणारा दुसरा एक दोष आहे. समजा, कंट्रोलरवर डीएमएक्सचा सुरुवातीचा पत्ता १ ऐवजी २ भरला गेला. पहिल्या पिक्सेलचा लाल आकडा पहिल्या चॅनलवर (एका रंगाच्या आकड्याची क्रमांकित जागा) येतो, पण कंट्रोलर वाचायला दुसऱ्या चॅनलपासून सुरुवात करतो. त्यामुळे त्याला लालच्या जागी हिरव्याचा आकडा मिळतो, हिरव्याच्या जागी निळ्याचा, आणि निळ्याच्या जागी पुढच्या पिक्सेलचा लाल. सगळी पट्टी लाल करायला सांगितले की सगळी पट्टी निळी होते. पाहणाऱ्याला वाटते की रंगक्रम चुकला, तो क्रम फिरवून रंग जुळवूनही घेतो, आणि पुढे एखादी बारीक रेघ पळवायची वेळ आली की ती कडेला विस्कटलेली दिसते.

हे दोन दोष वेगळे ओळखायला एकच पिक्सेल पुरतो. लॅपटॉपवरून फक्त पहिला पिक्सेल लाल करावा. रंगक्रम चुकलेला असेल, तर पहिलाच पिक्सेल पेटतो, पण वेगळ्या रंगात. चॅनल एकाने सरकलेले असतील, तर काहीच पेटत नाही, कारण तो आकडा वाचलाच गेलेला नसतो. मग फक्त दुसरा पिक्सेल लाल करावा. पट्टीवर पहिला पिक्सेल निळा झाला, तर सुरुवातीचा पत्ता एकाने पुढे आहे याबद्दल शंका उरत नाही. म्हणून सगळी पट्टी एका रंगात लावून निष्कर्ष काढण्याआधी ही एका पिक्सेलची चाचणी करावीच.

चार रंगांच्या, म्हणजे वेगळा पांढरा दिवा असलेल्या एसके६८१२ पट्टीवर तीन रंगांची मांडणी चालवली, तर खूण याहून वेगळी असते. कंट्रोलर दर पिक्सेलला तीन आकडे पाठवतो आणि पट्टी दर पिक्सेलला चार आकडे उचलते. त्यामुळे सगळे लाल मागितल्यावर एक पिक्सेल लाल, पुढचा हिरवट पांढरा, त्यापुढचा निळा आणि पुन्हा लाल अशी तिघांची नक्षी उमटते. शिवाय पट्टीचा शेवटचा पाव भाग अंधारात राहतो. १०० पिक्सेलसाठी पाठवलेल्या ३०० आकड्यांत चारचारचे ७५ च गट होतात, म्हणून पेटलेले पिक्सेल मोजून ७५ आले की उत्तर हातात आले.

तिसरी पायरी: १७० ची सीमा

एका डीएमएक्स युनिव्हर्समध्ये, म्हणजे एकत्र पाठवल्या जाणाऱ्या चॅनलांच्या गटात, ५१२ चॅनल असतात. तीन रंगांच्या पिक्सेलला तीन चॅनल लागतात, म्हणून १७० पिक्सेलना ५१० चॅनल पुरतात आणि दोन उरतात. सारा गोंधळ या उरलेल्या दोन चॅनलांतून निघतो. काही ठिकाणी ते दोन रिकामे सोडून १७१ वा पिक्सेल पुढच्या युनिव्हर्सच्या पहिल्या चॅनलपासून सुरू करतात. काही ठिकाणी एकही चॅनल वाया न घालवता १७१ व्या पिक्सेलचा लाल ५११ वर, हिरवा ५१२ वर आणि निळा पुढच्या युनिव्हर्सच्या पहिल्या चॅनलवर ठेवतात. दोन्ही पद्धती चालतात, पण पाठवणाऱ्याची (लॅपटॉपची) आणि घेणाऱ्याची (कंट्रोलरची) पद्धत एकच असली पाहिजे. चार रंगांच्या पिक्सेलना हा प्रश्न येत नाही, कारण १२८ पिक्सेलमध्ये ५१२ चॅनल तंतोतंत भरतात.

पद्धती जुळत नसतील, तर कोणत्या बाजूला काय भरले आहे हे रंगांच्या क्रमावरूनच सांगता येते. सगळी पट्टी लाल मागितली आहे असे धरू.

पाठवणारा ५१२ वापरतो आणि घेणारा ५१० वापरतो, तेव्हा दुसऱ्या युनिव्हर्सच्या सुरुवातीला १७१ व्या पिक्सेलचा उरलेला निळा आकडा पडलेला असतो. घेणारा तो नव्या पिक्सेलचा लाल म्हणून वाचतो, आणि त्यामागून येणारा खरा लाल त्याला हिरवा वाटतो. म्हणून १ ते १७० लाल, १७१ ते ३४० हिरवे, ३४१ ते ५१० निळे आणि ५११ पासून पुन्हा लाल दिसतात. शेवटचा लाल रंग मात्र फसवा आहे. चूक दर युनिव्हर्सला दोन चॅनलांनी वाढत जाते, आणि तीन युनिव्हर्सनंतर ती सहा चॅनलांची, म्हणजे बरोबर दोन पिक्सेलची होते. रंग जुळतो, पण जागा दोनाने हुकलेली असते. त्यामुळे ६०० च्या पट्टीत ५९९ आणि ६०० या पिक्सेलना आकडेच उरत नाहीत. आमच्या कमानीचे शेवटचे दोन पिक्सेल याच कारणाने विझलेले होते.

उलट बाजूने, पाठवणारा ५१० वापरतो आणि घेणारा ५१२ वापरतो, तेव्हा क्रम लाल, निळा, हिरवा, लाल असा फिरतो. याची आणखी एक खूण म्हणजे मधले ३४१ आणि ५१२ क्रमांकांचे पिक्सेल काळे राहतात, कारण त्यांच्या वाट्याला तिन्ही शून्ये येतात. पाहणाऱ्याला ते दोन दिवे जळाले असे वाटते. ते बदलू नयेत, कारण नवा दिवा बसवला तरी त्या जागी अंधारच राहील.

थोडक्यात, लालनंतर हिरवा आला तर पाठवणाऱ्याकडे ५१२ आहे आणि निळा आला तर ५१० आहे. डब्ल्यूएलईडी तीन रंगांच्या पिक्सेलसाठी दर युनिव्हर्सला १७० पिक्सेलच धरते, म्हणून तिथे बदल लॅपटॉपच्या बाजूला करावा आणि एक्सलाइट्समधील कंट्रोलरच्या पानावर प्रत्येक युनिव्हर्सचा आकार ५१० भरावा. आम्हीही तेच केले.

एखाद्या पिक्सेलचा चॅनल काढायचा असेल, तर त्याच्या क्रमांकातून एक वजा करून तिनाने गुणावे आणि एक मिळवावा. १०० व्या पिक्सेलचा पहिला चॅनल २९८ येतो. क्रमांक १७० च्या पुढचा असेल आणि ५१० ची पद्धत असेल, तर आधी १७० च्या पटी वजा कराव्यात. ४०० वा पिक्सेल म्हणजे तिसऱ्या युनिव्हर्समधला ६० वा, म्हणून त्याचा चॅनल १७८. डब्ल्यूएलईडीच्या पट्टीखंडांच्या यादीत मोजणी शून्यापासून सुरू होते आणि शेवटचा भरलेला आकडा मोजणीत धरला जात नाही. पहिले १७० पिक्सेल हवे असतील तर तिथे ० ते १७० असे भरावे लागते.

चौथी पायरी: पहिला युनिव्हर्स शून्य की एक

आर्ट-नेट आणि एसएसीएन या डीएमएक्सचे आकडे नेटवर्कवरून पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. आर्ट-नेटमध्ये युनिव्हर्सची मोजणी ० पासून होते, तर एसएसीएन अर्थात ई१.३१ मध्ये ती १ पासून होते. काही सॉफ्टवेअरमध्ये आर्ट-नेटचा पहिला युनिव्हर्स पडद्यावर १ म्हणून दाखवतात, आणि गफलत तिथेच होते. अशा वेळी रंग एकदम बरोबर दिसतात, पण चित्राची जागा हुकते. पाठवणारा एकने पुढे असेल, तर पट्टीचे पहिले १७० पिक्सेल अंधारात राहतात आणि चित्राची सुरुवात १७१ पासून होते. पाठवणारा एकने मागे असेल, तर चित्राचे पहिले १७० पिक्सेल हरवतात आणि १७१ वा पिक्सेल पट्टीच्या तोंडाशी दिसतो. सरकलेले अंतर बरोबर १७० असेल, तर युनिव्हर्सचा आकडा एकाने बदलावा, बाकी कशालाही हात लावू नये.

सलग १७० पिक्सेलचा गट मध्येच थिजत असेल आणि शेजारचा गट नीट चालत असेल, तर ते पत्त्याचे काम नाही. त्या युनिव्हर्सचे पॅकेट वाटेत गळत आहेत. वाय-फायवर मल्टिकास्ट (एकच पॅकेट एकाच वेळी अनेकांना पाठवणे) वापरले की हे हमखास होते, म्हणून कंट्रोलरचा आयपी पत्ता भरून युनिकास्ट (फक्त त्याच कंट्रोलरला पाठवणे) करावे, आणि शक्य असेल तिथे सरळ केबल टाकावी.

पाचवी पायरी: अनेक तोंडे, उलट्या ओळी

कंट्रोलरला दोन आउटपुट असतील, तर दुसऱ्याची सुरुवात पहिल्याची संख्या संपल्यावरच्या क्रमांकापासून झाली पाहिजे. दोन वेगळ्या वस्तू, उदाहरणार्थ कमान आणि मखर, अगदी सारख्या हलू लागल्या तर दोघांना एकच सुरुवातीचा चॅनल दिला गेला आहे असे समजावे. पट्ट्या नागमोडी फिरवून पडदा केला असेल आणि अक्षरांची एक ओळ नीट व पुढची आरशातल्यासारखी उलटी दिसत असेल, तर मांडणीत नागमोडीचा पर्याय निवडायचा राहिला आहे. एकच पिक्सेल संथ गतीने पळवला की तो कोणत्या टोकाला उडी मारतो ते डोळ्यांना दिसते आणि निकाल लागतो.

सहावी पायरी: जे हिशोबात बसत नाही ते तारेचे

आतापर्यंतचे सगळे दोष १७० च्या पटीत, तिघांच्या नक्षीत किंवा सबंध पट्टीभर होते. रंग किंवा प्रकाश ४३ व्या किंवा २१८ व्या पिक्सेलवर तुटत असेल, तर मात्र मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन काढावी. मंडपात हात घालण्याआधी २३० व्होल्टचा पुरवठा बटणावर बंद करून न थांबता प्लग काढून ठेवावा. पाऊस पडून गेला असेल तर जोड कोरडे करूनच पुढे जावे.

एका ठिकाणापासून पुढे सगळे विझलेले किंवा वेडेवाकडे चमकत असेल, तर दोषी शेवटचा पेटलेला पिक्सेल असतो किंवा पहिला विझलेला. पहिल्याची डेटा बाहेर टाकणारी बाजू गेलेली असते किंवा दुसऱ्याची आत घेणारी. आधी त्या दोघांमधला सोल्डर बोटाने हलकेच दाबून पाहावा, कारण दहापैकी बऱ्याच वेळा तोच सुटलेला असतो. पट्टीवरचे बाण कंट्रोलरपासून दूर जात आहेत याचीही खात्री करावी. पट्टी उलटी जोडली, तर सप्लाय पोहोचतो पण पिक्सेल काहीच ऐकत नाहीत. डब्ल्यूएस२८१५ मध्ये डेटाची दुसरी, राखीव तार असते, त्यामुळे एकटा पिक्सेल गेला तरी पुढचे चालू राहतात. लागोपाठचे दोन गेले की मात्र माळ तुटते.

खराब पिक्सेल कापून पट्टी जोडली असेल, तर त्याच्या जागी नवा पिक्सेल घालावा. तो उपलब्ध नसेल तर सॉफ्टवेअरमधील एकूण संख्या एकाने कमी करून मांडणी तिथून पुढे एकाने सरकवावी. कंट्रोलर आणि पट्टी यांच्यात अंतर जास्त असल्यामुळे मध्ये एखादा पिक्सेल केवळ सिग्नल ताजा करण्यासाठी लावला असेल, तर तोही मोजणीत येतो, म्हणून कंट्रोलरवर पहिला एक पिक्सेल वगळण्याची सोय वापरावी.

पहिल्याच पिक्सेलपासून रंग थरथरत असेल, तर सिग्नलचा व्होल्टेज तपासावा. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, तर पाच व्होल्टवर चालणारी डब्ल्यूएस२८१२बी चिप नियमाप्रमाणे किमान ३.५ व्होल्ट मागते. तार आखूड असताना हे खपून जाते आणि कमानीवर चढवल्यावर बिघडते. ७४एचसीटी१२५ सारखी लेव्हल बदलणारी चिप कंट्रोलरजवळ लावावी, डेटाच्या तारेत २२० ते ४७० ओहमचा रेझिस्टर घालावा, आणि कंट्रोलर व पट्टी यांचे ग्राउंड एकत्र जोडलेले आहे याची खात्री करावी.

पांढरा रंग पट्टीच्या शेवटाकडे पिवळा आणि मग लालसर होत जात असेल, तर तो व्होल्टेज उतरल्याचा दोष आहे. निळ्या आणि हिरव्या दिव्यांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो, म्हणून ते आधी मंदावतात. पाच व्होल्टच्या पट्टीचा एक पिक्सेल पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअरपर्यंत खेचतो, म्हणजे ३०० पिक्सेलना १८ अँपिअर लागू शकतात. पट्टीवरची तांब्याची पातळ पट्टी एवढा भार एका टोकाकडून वाहू शकत नाही, म्हणून सप्लाय दोन्ही टोकांना आणि मधेही द्यावा. या दोषात रंग हळूहळू ढळतो, तर चॅनलच्या घोळात तो एका पिक्सेलवर तडकाफडकी बदलतो.

सातवी पायरी: लिहून ठेवावे

दर ५० व्या पिक्सेलच्या मागे पांढऱ्या चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावावा आणि १७०, ३४०, ५१० येथे वेगळ्या रंगाची पट्टी लावावी, म्हणजे शिडीवर चढलेल्या माणसाला खालून मोजून सांगावे लागत नाही. आम्ही आकार ५१० करून कमान पुन्हा लाल केली, तेव्हा रंग पायथ्यापासून पायथ्यापर्यंत अखंड गेला आणि उजव्या टोकाचे ते दोन पिक्सेलही पेटले. त्यानंतर एका कागदावर चिपचा प्रकार, रंगक्रम, पिक्सेलची संख्या, पहिला युनिव्हर्स, सुरुवातीचा पत्ता, युनिव्हर्सचा आकार आणि कंट्रोलरचा आयपी पत्ता असे सात आकडे लिहिले आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कंट्रोलरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला.